पैसे आपले, सातबारा भावाचा

संपादक साहेब, नमस्कार.

बेनामी मालमत्ता (म्हणजे पैसे एकाचे, कागद दुसऱ्याच्या नावावर) म्हटलं की पेपरात कुठल्यातरी पुढाऱ्याचे फ्लॅट नाहीतर बिल्डरच्या जमिनी असंच वाचायला मिळतं, त्यामुळे साध्या माणसाला वाटतं हा कायदा आपल्यासाठी नाहीच. पण आमच्या कोकणात घराघरात जे चालतं ते याच कायद्यात अडकू शकतं, त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मुंबईला नोकरी करणारा भाऊ गावी पैसे पाठवतो, त्यातून घराशेजारची दहा-बारा गुंठे जागा घेतात, आणि खरेदीखताच्या दिवशी मुंबईवाल्याला रजा नाही म्हणून गावचा भाऊ एकटाच सही करतो. खत त्याच्या नावावर, फेरफार त्याच्या नावावर, सातबाऱ्यावर पण तोच. पैसे कोणाचे हे घरात सगळ्यांना माहिती असतं. कायद्याने बघितलं तर मात्र इथे दोन मालक झाले, एक कागदावर दिसणारा, ज्याला बेनामीदार म्हणतात, आणि एक पैसे घालणारा, ज्याला लाभार्थी मालक म्हणतात.

बेनामी व्यवहारांचा हा कायदा 1988 चा, त्यात मोठी दुरुस्ती झाली ती 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू आहे. नवरा, बायको किंवा मुलांच्या नावावर स्वतःच्या दाखवता येण्यासारख्या कमाईतून घेतलं तर ते बेनामी नाही. भाऊ, बहीण, आई, वडील यांच्या नावावर पण घेता येतं, पण तिथे जास्तीची अट आहे की कुठल्यातरी कागदावर दोघांची नावं सहमालक म्हणून पाहिजेत. नेमकी हीच अट लोकांना माहिती नाही! मेहुणा, चुलत भाऊ, मित्र यांना तर ही सूट पण नाही. एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलेल्या जागेला वेगळी सूट आहे, पण एकट्याच्या पगारातून घेतलेली जागा एकत्र कुटुंबाची होती हे दाखवताना नाकीनऊ येतात.

पुढे भावाभावांत बिनसलं की मुंबईवाला वकिलाकडे जातो आणि तिथे त्याला कळतं की बेनामी जागा परत मिळवायला दावाच करता येत नाही, कलम 4 मध्ये तसं स्पष्ट आहे. पैसे माझे होते हे सिद्ध करायला जावं तर व्यवहार बेनामी होता हे आपणच आपल्या तोंडाने कबूल करतो. मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचंच, की भाऊ सरळ आहे आणि तो स्वतःहून जागा परत नावावर करून द्यायला तयार आहे, तरी कलम 6 प्रमाणे बेनामीदाराने खऱ्या मालकाला केलेलं हस्तांतरण रद्दबातल ठरतं. शिवाय जागा सरकारजमा होऊ शकते, गुन्हा सिद्ध झाला तर 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. आणि गावच्या भावाने ती जागा तिसऱ्यालाच विकली, त्या घेणाऱ्याने नीट चौकशी करून चांगल्या हेतूने घेतली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 41 त्याच्या बाजूने उभं राहू शकतं, कारण दिसणारा मालक आपणच उभा केलेला असतो.

जुन्या खरेद्या सुटल्या असंही कोणी समजू नये. 2022 ला सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती मागच्या व्यवहारांना लागू नाही असा निकाल दिला होता, तो ऑक्टोबर 2024 मध्ये कोर्टाने मागे घेतला, म्हणजे प्रश्न परत उघडा झाला.

शेतकरी दाखला नाही म्हणून फार्महाऊससाठी दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन घेणारे वेगळे, ते जाणूनबुजून करतात, त्यांच्याबद्दल मला काही वाटत नाही. पण सख्ख्या भावावर विश्वास टाकून आयुष्यभराची कमाई गावच्या मातीत घालणारा माणूस चोर नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नाही एवढंच.

म्हणून मागणी आहे की दुय्यम निबंधक कार्यालयात ही सहमालकाची अट साध्या मराठीत मोठ्या बोर्डावर लावावी आणि दस्त नोंदवायच्या आधी खरेदीदाराला विचारावं, पैसे कोण देतंय, त्याचं नाव खतात आहे का. येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करून पण नाव घालता येतं, हे तलाठ्यांनी ग्रामसभेत सांगावं. आणि तुम्ही गणपतीच्या आधी, चाकरमानी गावी यायच्या वेळेला, एखाद्या चांगल्या वकिलाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
चिपळूण