पिनियन कापून दाखवणाऱ्या काकांना, मनापासून

काका, नाव लिहू नकोस असं तुम्हीच बजावलंत म्हणून लिहीत नाही, पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या गाडीच्या डिफरन्शियलमधला (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) छोटा बेव्हल पिनियन, म्हणजे शंकूसारखा छोटा गिअर, तिसऱ्यांदा गेला होता. तिन्ही वेळा हाऊसिंग उघडलं की तळाच्या ऑइलमध्ये दाताचे तुकडे, आणि तिन्ही वेळा ऐकून काय घेतलं तर गाडी तूच आपटतोस, ऑइल भलतंच घातलंस. एकानेही तुटलेला दात हातात घेऊन बघितला नाही, पैसे घेतले आणि तसलाच पिनियन परत बसवून दिला. अजून टोचतं ते, खोटं कशाला बोलू.

तुम्ही आधी दात बघितला. तुटलेल्या जागी वाळूवर लाटांच्या उमटतात तशा वळणदार रेघा होत्या. तुम्ही म्हणालात, "हा एका फटक्यात नाही गेला, मुळाशी बारीक चीर पडली आणि ती रोज थोडी थोडी आत सरकत गेली." तीन वेळचा आळ एका वाक्यात उतरला माझ्यावरचा.

मग तुम्ही माझा पिनियन आणि तुमच्याकडचा एक फोर्ज केलेला, म्हणजे पोलाद साच्यात दाबून घडवलेला पिनियन, दोन्ही उभे कापलेत, घासून गरम ॲसिडमध्ये टाकलेत आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. मला काहीच दिसेना. तुम्ही चिडला नाहीत, समजावत बसला नाहीत, भिंग माझ्या हातात दिलंत आणि टेबललॅम्प हळूहळू तिरका करत राहिलात, "बघ, घाई नाही" म्हणालात. आणि एकदम दिसलं! माझ्या पिनियनमध्ये पोलादाच्या रेघा सरळ खालून वर आणि दाताच्या कडेशी कचकन तुटलेल्या, कारण दात पोलादाच्या जाड सळईतून कापून काढलेले. फोर्जिंगवाल्यात त्याच रेघा दाताच्या मुळाशी वळून दाताबरोबर वर गेलेल्या. तो लॅम्प धरलेला हात मी विसरणार नाही काका, आयुष्यात इतक्या शांतपणे मला कुणी काही दाखवलं नव्हतं.

बाकीचं नंतर पटपट कळलं. कापताना कटर आरपार जायला लागतो म्हणून दाताच्या टोकांना जोडणारी भिंत ठेवता येत नाही, फोर्जिंगमध्ये डायमध्येच, म्हणजे साच्यातच, ती येते आणि दाताला आधार मिळतो. मुळाची गोलाईसुद्धा मोठी ठेवता येते. माझ्या पिनियनच्या मुळाशी तर कटरच्या खुणा नखाला लागत होत्या आणि चीर बरोबर तिथूनच निघालेली. तुम्ही आपलाच माल खरा असंही केलं नाहीत. वरचा थर 58 ते 62 एचआरसी (कठीणपणाचं माप) आणि आतला गाभा चिवट, हे हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे पोलाद तापवून थंड करताना, नाही जमलं तर फोर्ज केलेलाही तुटतो आणि मन लावून कापलेला चांगला चालतो, हे तुम्हीच सांगितलंत. विकायला बसलेला माणूस असं बोलतो का कुठे? एवढा सरळपणा बघायची सवयच मोडलीय आपली, त्यामुळे कुणी खरं सांगितलं की घसा दाटून येतो.

नवीन सेट बसवलाय, वळणावर आता आवाज नाही. पुढचं ऑइल बदलताना कव्हर उघडेन तेव्हा तुम्हाला बोलावतो, दात कसे झिजलेत ते बघायचंय म्हणाला होतात ना. लॅम्प या वेळी मी धरेन.