सरकारी कार्ड सांगून विकलेल्या तुमच्या कार्डाबद्दल तक्रार

दिनांक : २० जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : सरकारी योजनेचं नाव सांगून विकलेली दोन आरोग्य कार्डं रद्द करून पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

मी औसा तालुक्यातला. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. आधारप्रमाणे वय ७३. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाली आहे, ती किती हे विचारू नका. तुमच्या कंपनीची दोन कार्डं माझ्याकडं आहेत, एक माझ्या नावाचं आणि एक मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, नावाचं.

२ ऑगस्ट २०२५, श्रावणातला शनिवार. मारुतीला गर्दी होती. पाराशेजारी तुमच्या माणसानं टेबल मांडलं, मागं फ्लेक्स बांधला. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत आयुष्मान भारतचं नाव आणि ‘५ लाखांपर्यंत मोफत उपचार’. तुमच्या कंपनीचं नाव खालच्या कोपऱ्यात होतं आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात नारळाचं पोतं टेकवलेलं. मुद्दाम की योगायोगानं, ते तुम्हीच त्याला विचारा. माणूस गोड बोलणारा. "काका, साठीच्या पुढं सगळ्यांना मिळतंय. शेवटचे दोन दिवस राहिलेत." मंडळी म्हणाली, "आहो, आपल्यालाबी काढून घ्या की." काढलं. एका कार्डाचे १,४९९ रुपये. मी सहा पाचशेच्या नोटा दिल्या आणि पावती मागितली. पावतीशिवाय पैसे घेतल्याबद्दल घरी बसलेले लोक मी पाहिलेत, त्यामुळं ही सवय जात नाही. पावतीवर ‘सेवा शुल्क’ असं लिहिलं आहे. कशाची सेवा, ते लिहिलेलं नाही.

आता त्या माणसानं काय काय सांगितलं आणि खरं काय आहे, ते ऐका. हे मला रुग्णालयातल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे सरकारी योजनेच्या खिडकीवर बसणाऱ्या मदतनिसानं, समजावलं, नंतर नातीनं १४५५५ या हेल्पलाइनवर फोन लावून पडताळून घेतलं.

साठीच्या पुढं सगळ्यांना मिळतं, हे साफ खोटं. केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळतं. ते २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, श्रीमंत-गरीब बघत नाहीत, वय आधारवरून धरतात. मंडळींचं वय आधारप्रमाणे ६६. तुमच्या माणसानं वय विचारलं, मी ६६ सांगितलं, त्यानं ते फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहिलं आणि तरी कार्ड दिलं. अर्ध्या तिकिटाला बसलेल्या पोराचं वय आम्ही दोनदा विचारायचो.

शेवटचे दोन दिवस, हेही खोटं. या कार्डाला अशी कसलीच शेवटची तारीख नाही.

दवाखान्याच्या गोळ्या-औषधं सगळी फुकट, हेही तो म्हणाला. योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांचा खर्च त्यात धरतात. रोजची बीपीची गोळी त्यात येत नाही.

आमच्या शेजारचे निवृत्त फौजी आहेत. त्यांना माजी सैनिकांची ईसीएचएस ही उपचार योजना आहे. त्यांनाही कार्ड विकलं. खऱ्या योजनेत अशा माणसाला ईसीएचएस किंवा हे, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. ज्यांचा खासगी विमा आहे किंवा जे कामगारांच्या ईएसआय विम्यात आहेत, त्यांना मात्र दोन्ही चालतं. तुमच्या माणसानं फौजींना यातलं काहीच विचारलं नाही. पाचशेच्या तीन नोटा मोजल्या आणि पुढचा म्हातारा बोलावला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खऱ्या कार्डाला एक रुपया लागत नाही.

आता येळवशीच्या दिवसाकडं येतो. डिसेंबरात येळवस होती, आमच्याकडं शेतात जाऊन करायचा वेळ अमावस्येचा सण. रात्री पाणी दिल्यामुळं बांध ओला होता. मंडळींच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं. पाय सरकला. बिंदगं फुटलं, आंबील सगळी हरभऱ्यात गेली आणि ती बांधावर आडवी झाली ती उठलीच नाही. खुब्याचं हाड. जीप करून लातूरला आणली. रुग्णालयात दाखल करून घेतलं आणि मी ऐटीत खिशातून तुमचं कार्ड काढून खिडकीत दिलं.

आरोग्यमित्र पोरगा नातवाच्या वयाचा. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं, मोबाइलनं मागच्या बाजूचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि मला दाखवला. मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्यानं मराठीत सांगितलं : हा विमा नाही, यादीतल्या रुग्णालयांत बिलावर सवलत मिळेल. यादी बघितली. आमच्याजवळचं रुग्णालय पुण्यातलं. लातूर ते पुणे किती तास लागतात, हे मला सांगायची गरज नाही.

पोरगा म्हणाला, "काका, हे सरकारी नाही. रेशन कार्ड आणलंय का?" आणलं नव्हतं. कारण तुमच्याच माणसानं पारावर सांगितलं होतं, आता रेशन कार्ड लागत नाही, हेच दाखवायचं. आमचं केशरी कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. वयाची सत्तरी लागत नाही. म्हणजे मंडळींचा उपचार आधीपासूनच मोफत होता. ऑपरेशनच्या मंजुरीला कागद लागत होते. जावई रात्री मोटारसायकल घेऊन गावी गेला, पेटीचं कुलूप तोडलं, पहाटे कार्ड घेऊन आला. डिसेंबरची थंडी, त्यात रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, मागं लाल दिवा नसलेल्या. त्या रात्री मला बायकोची जेवढी काळजी होती तेवढीच जावयाची होती. तिकडं मंडळी कण्हत म्हणायली, "मी काहून पडले ओ." रात्रभर तेवढंच.

तिचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. आमचा एक रुपया लागला नाही. लागला तो तुम्हाला दिलेला.

ती वॉर्डात असताना नातीनं माझं खरं कार्ड काढलं, तिथंच बाकावर बसून. आयुष्मान ॲपमध्ये ७० वर्षांवरच्यांसाठी वेगळी जागा आहे, तिथं आधार नंबर टाकायचा. आधारला नंबर मुलाचा जोडलेला, तो पुण्याला, त्यानं फोनवरून ओटीपी सांगितला. आधी आरोग्यमित्राच्या मशीनवर अंगठा लावून बघितला होता, तीनदा लावला, उमटला नाही. ३१ वर्षं तिकिटं आणि नोटा, नंतर खुरपं, रेषा राहतील कुठून? मग मोबाइलपुढं चेहरा धरला. डोळ्यांची उघडझाप करा म्हणाला. केली. झालं. आजार आधीचा असला तरी चालतो, थांबण्याची मुदत नाही. हे ५ लाख सत्तरीपारच्यांसाठीच असतात, आणि घरात दोघे सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून. नात म्हणाली, "आजोबा, एवढंच होतं." मला बोलायला जीभच उचलेना.

तुमच्या हेल्पलाइनवर दोनदा फोन केला. पहिल्यांदा अर्धा तास गाणं ऐकवलं. दुसऱ्यांदा मुलगी बोलली. म्हणाली, "सर, अटी कार्डामागं आहेत आणि सही तुमचीच आहे." सही माझीच आहे. ती पावतीखाली आहे, इंग्रजी अटींखाली नाही, ते एकदा तपासा. आणि सवलतीचं कार्ड विकायला आधारची झेरॉक्स आणि अंगठा कशाला लागला, याचं उत्तर त्या मुलीकडं नव्हतं. तुमच्याकडं असेल तर लेखी द्या. तोपर्यंत नातीनं माझं आणि मंडळींचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं आहे.

गावात विचारत फिरलो तर तुमची ३७ कार्डं निघाली. यादी मी वहीत लिहिली आहे, वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, लिहायचो तशी, रकमेसकट. त्यातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे. त्यांना आपलं काम झालं असं वाटत होतं, म्हणून खरं कार्ड कुणी काढलंच नाही. पैशापेक्षा हे मला जास्त लागलं. गाडीवर पुण्याचा बोर्ड लावून उदगीरला नेली तर प्रवासी भाडं मागत नाही, गचांडी धरतो.

म्हणून सांगतो. सगळ्या ३७ जणांचे पैसे परत करा. आमच्या आधारच्या झेरॉक्स, अंगठे, मोबाइल नंबर, जे काही घेतलं असेल ते काढून टाकल्याचं लेखी द्या. तुमचा माणूस आता निलंग्याकडं फिरतोय असं ऐकतो, त्याचा फ्लेक्स आधी उतरवा. १५ दिवस थांबेन. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. तुम्ही विमा कंपनी नाही, त्यामुळं विमा लोकपालाकडं तुम्हाला नेता येत नाही हे मला कळलंय, पण आयोगात नेता येतं आणि एवढ्या रकमेला तिथं फी लागत नाही. मला वेळच वेळ आहे.

पैसे रोख घेतले होते, रोखच परत करा, त्याच पारावर, दिवसा, सगळ्यांदेखत. माझे दोन कार्डांचे २,९९८ झाले. मी ३,००० दिले होते. वरचे २ रुपये सुट्टे नाहीत म्हणून तुमच्या माणसानं ठेवून घेतले, तेही आणा.

आपला,
एक निवृत्त वाहक

सोबत : पावतीची प्रत, दोन्ही कार्डांच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स (मागची बाजू मोठी करून), ३७ जणांची यादी.