वस्तुसंग्रहालयात चिंच-मीठ नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या एका संस्थेने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले, त्याचे वृत्त आणि छायाचित्र आपल्या अंकात पाहिले आणि मुद्दाम जाऊन आलो. गर्दी चांगली होती, शाळेची मुले रांगेने येत होती, हे सगळे आनंदाचेच. पण छायाचित्रात झळकणारी ती वीतभर उंचीची कांस्यमूर्ती प्रत्यक्षात पाहिली आणि पोटात गोळा आला. मूर्ती चिंच-मीठ लावून घासली होती, वर रांगोळीचा हात. तिथला कर्मचारी कौतुकाने म्हणाला, "आते कशी झकास दिखस!" त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पाहुणे यायच्या आधी सगळे चकचकीत करा, असे त्याला वरून सांगितलेले. तीस-पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने या घासण्याने नेमके काय होते, ते सांगणे माझे काम समजतो.

तांब्या-कांशाच्या जुन्या वस्तूवर जो तपकिरी-हिरवा थर दिसतो तो मळ नव्हे. धातूचा हवेशी आणि मातीशी शेकडो वर्षे जो व्यवहार झाला त्यातून तो तयार झालेला असतो. थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतले आम्ल हा थर विरघळवते आणि आतला धातू उघडा पडतो. त्याहून वाईट काम मीठ करते. मिठातले क्लोराइड नक्षीच्या खाचांत, सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते आणि वरवर धुतल्याने निघत नाही. तांब्याशी त्याचा संयोग होतो, मग पावसाळ्यातली दमट हवा मिळाली की फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी बाहेर येऊ लागते. या क्रियेत पुन्हा आम्ल तयार होते आणि ते शिल्लक तांब्यावर चाल करते. म्हणजे एकदा सुरू झालेला हा रोग आपल्याच जिवावर वाढत जातो. मूर्तीला खड्डे पडतात, बोटे, दागिन्यांचे काम, पीठावरची (बैठकीवरची) अक्षरे बोथट होत जातात. त्या मूर्तीच्या पीठाच्या मागच्या बाजूला दोन ओळींचा लेख आहे. रांगोळीच्या घर्षणाने त्यातली वरची ओळ इतकी पुसट झाली आहे की मला भिंगातूनही तीन-चार अक्षरांपलीकडे लागली नाहीत. पूर्वी ती कशी होती याचा एकही फोटो संस्थेकडे नाही.

आपल्याकडे कानबाईच्या सणाआधी घरातले झाडून सारे पितळ-तांबे अंगणात निघते आणि घासून लख्ख होते. देवघरातल्या देवांनाही ते शोभते, कारण ते रोजच्या पूजेतले आहेत. संग्रहालयातली मूर्ती मात्र पुरावा असते. तिच्या खाचेत राहिलेली माती आणि चंदन-कुंकवाचा अंशसुद्धा अभ्यासकाला काही सांगून जातो. न्यायालयातला पुरावा कोणी साबणाने धुतो का?

आपण खान्देशातल्या माणसांनी तर हे जास्त समजून घ्यायला हवे, कारण अजिंठा आपल्या उंबरठ्यावर आहे. तिथली भित्तिचित्रे वाचवण्यासाठी 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन नामांकित कारागीर बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा सावरला, ते उपयोगाचे झाले. पण रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर लाखेचे वार्निशही चढवले. काही काळ चित्रे खुलली, पुढे तेच वार्निश पिवळे-काळपट पडले आणि ते हलक्या हाताने उतरवत बसण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. भले करायला आलेल्या, हुशार माणसांच्या हातून जिथे असे झाले, तिथे रांगोळीच्या डब्याचे काय सांगावे? आज या क्षेत्रात पहिला नियम असा की वस्तूवर जे काही लावाल ते पुढे काढता आले पाहिजे, आणि काय लावले याची नोंद राहिली पाहिजे.

तापी-गिरणाकाठच्या खापरांचीही हीच कथा. प्रकाशे, बहाळ इथली उत्खनने 1950 च्या दशकातली, आणि सावळदा गावाच्या नावाने तर मातीच्या भांड्यांची एक अख्खी परंपरा पुरातत्त्वात ओळखली जाते. या खापरांवरची रेघोट्यांची, प्राण्यांची चित्रे कडक ब्रशने घासली की जातात. पांढरा चुनखडीचा थर काढायला आम्ल वापरले की खापरही भुसभुशीत होते. मऊ ब्रश, साधे स्वच्छ पाणी, तेही खापर सोसत असेल तर, आणि भरपूर सबुरी. यापलीकडे घाई करू नये.

प्रदर्शनाच्या दालनात आणखी एक गोष्ट खटकली, ती कूलर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे कूलर लावणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण कूलर म्हणजे दालनात ओली हवा फेकणारे यंत्र. दिवसभर दमट, रात्री बंद केल्यावर पुन्हा कोरडे. लाकूड रोज फुगते-आकसते आणि चिरते, पोथ्यांचे कागद वाकडे होतात, लोखंडी तलवारीवर गंज फुटतो. रोगट कांशासाठी हवेतली आर्द्रता साधारण 40 टक्क्यांच्या खाली हवी असे मानतात. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, तो त्या दालनात दिसला नाही. हॅलोजन मात्र तीन होते, त्यातला एक थेट उघड्या पोथीवर. कागद आणि कापडासाठी प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) आसपास ठेवतात. उडालेला रंग परत आणायचा इलाज कोणाकडे नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले. गावोगावची दप्तरे हिंडून गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातल्या रामदासी पोथ्या आहेत, नंदुरबारकडे आदिवासींचे दागिने, होळीतले मोरपिसांचे टोप जपणारी घरे आहेत. एवढा ऐवज असलेल्या धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी शासनाने जुन्या वस्तूंच्या जपणुकीचे शिक्षण घेतलेला एक संरक्षक नेमावा. प्रत्येक संग्रहाला स्वतंत्र प्रयोगशाळा कोणी मागत नाही. फिरता माणूस, एक पेटी, एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. अवघड वस्तू लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेकडे किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जाणकारांकडे विचारता येतील. पालकमंत्र्यांच्या बैठकीत रस्त्यांच्या यादीखाली हा विषय दोन मिनिटे यावा, इतकीच अपेक्षा.

आणि आपणही, संपादक महोदय, यापुढे अशी बातमी आली तर बातमीदाराला एवढे विचारायला सांगा: वस्तू कशाने साफ केली, आणि आधीचा फोटो आहे का?

त्या मूर्तीबद्दल संस्थेला तोंडी सांगून आलो आहे, इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. ती आता पुन्हा धुऊ नये, तेल लावू नये. सर्व बाजूंनी फोटो काढून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. हिरवी भुकटी दिसली तर बोटाने पुसू नये, तारीख घालून लिहून ठेवावे आणि जाणकाराला बोलवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर