मागच्या सीटखालच्या सबवूफरविषयी मित्रास पत्र

ह्यूस्टन, टेक्सास

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. फोर्डची एफ-१५० सुपरक्रू पिकअप घरी आली आणि तिच्या मागच्या सीटखाली सबवूफर (खर्जाचा स्पीकर) बसवायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून मला फार आनंद झाला. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: शॅलो-माउंट, म्हणजे कमी खोलीत मावणारा, सबवूफर कोणता घ्यावा, आणि तो नवा असताना कोणी सुचवल्याप्रमाणे गॅरेजमध्ये रात्रभर वीस हर्ट्झचा सूर लावून रुळवावा, म्हणजे त्याचे ताठ भाग मोकळे करावेत, का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पत्र वाचून होण्यापूर्वी तू तसे काही करणार नाहीस: रात्रभर सूर लावू नकोस. कारणे पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या सीटखालची जागाच देईल, म्हणून कोणत्याही कंपनीचे नाव मनात धरण्यापूर्वी ती जागा नीट मोजून घे.

हे मोजमाप रिकाम्या सीटचे घेऊन चालत नाही. माणूस बसला की गादी दबते आणि तिच्याखालची तार किंवा पत्रा खाली येतो. मुले खेळतात त्या क्लेचे तीन-चार उंच गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखालच्या कार्पेटवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेव, सीट खाली पाड, चांगल्या वजनदार माणसाला तिच्यावर बसव आणि त्याला थोडे इकडेतिकडे सरकायला सांग. मग सीट अलगद उचलून सर्वांत जास्त चेपलेल्या गोळ्याची जाडी पट्टीने मोज. तीच तुला मिळणारी खरी उंची आहे. सीटखाली घडीचा सामानाचा कप्पा असेल तर तो काढावा लागेल, आणि लहान मुलाची सीट मागे कायमची बांधलेली असेल तर मोजमाप तिच्यासह घे.

आता ही उंची कशी खर्च होते ते पाहा. सबवूफरची बसवण्याची खोली सव्वातीन इंच दिली असेल, तर ती त्याच्या कडेच्या खालच्या बाजूपासून चुंबकाच्या पाठीपर्यंत मोजलेली असते, म्हणजे ज्या फळीवर तो बसतो तिची जाडी त्यातच येते. चुंबकामागे हवा खेळण्यासाठी निदान अर्धा इंच मोकळा हवा, आणि चुंबकाच्या मध्यावर श्वासछिद्र असेल तर एक इंच सोडलेला बरा. त्याखाली पाऊण इंच जाडीच्या एमडीएफचा (दाबून बनवलेल्या लाकडी फळीचा) तळ आला. अर्धा इंच धरला तरी बॉक्सची बाहेरची उंची साडेचार इंच होते. त्यावर सबवूफरची कड, पुढे येणारा पडदा (हलून आवाज काढणारा भाग) आणि जाळी यांच्यासाठी आणखी सव्वा इंच धरावा लागतो. एकूण पावणेसहा इंच झाले. क्लेचा गोळा याहून कमी भरला, तर कितीही नावाजलेला सबवूफर आणलास तरी सीट त्याच्यावर टेकणार हे निश्चित समज.

तोंड वर ठेवावे की जमिनीकडे, याविषयी लोकांची मते फार टोकाची असतात. जमिनीकडे तोंड केल्यास पडदा बुटांपासून आणि सांडलेल्या कॉफीपासून सुरक्षित राहतो, आणि खाली सव्वा-दीड इंच मोकळी जागा ठेवली तर आवाजात काही उणे पडत नाही. उलटा टांगलेला पडदा स्वतःच्या वजनाने कालांतराने लोंबतो, अशी भीती तुलाही कोणीतरी घालील. तिचा हिशेब सोपा आहे. तीस हर्ट्झला अनुनाद देणाऱ्या (म्हणजे तेवढ्या कंपनाला स्वतःहून झुलणाऱ्या) सबवूफरचा पडदा गुरुत्वाकर्षणाने फक्त ०.२८ मिलिमीटर सरकतो आणि पंचवीस हर्ट्झवाल्याचा ०.४ मिलिमीटर. ज्याची हालचाल एका बाजूला आठ ते बारा मिलिमीटर आहे, त्याला एवढ्याने काहीच फरक पडत नाही. तुझ्या घरात मुले आहेत, हिवाळ्यात बुटांबरोबर बर्फ आणि मीठ आत येते, म्हणून तुझ्यासाठी मी खाली तोंड करूनच बसवीन.

शॅलो-माउंट प्रकारात काय गमवावे लागते, हेही तुला स्पष्ट सांगायला हवे. नेहमीच्या बारा इंची सबवूफरला सहा-सात इंच खोली लागते, कारण चुंबक, स्पायडर (पडद्याला मुळाशी धरणारी कापडी चकती) आणि पडदा एकामागे एक रचलेले असतात आणि प्रत्येकाला हलायला स्वतंत्र जागा हवी असते. कमी खोलीच्या रचनेत हे भाग एकमेकांच्या पोटात बसवतात. जेएल ऑडिओचा तेरा इंची टीडब्ल्यू-५ तर अडीच इंच खोलीत मावतो, आणि ती रचना पाहून मला आजही कौतुक वाटते. पण जागा वाचते ती बहुतेक वेळा पडद्याच्या हालचालीतून वाचते. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचे असेल तर चौपट हवा हलवावी लागते, आणि ती हवा म्हणजे पडद्याचे क्षेत्रफळ गुणिले त्याची हालचाल. हालचाल कमी मिळते म्हणून क्षेत्रफळ वाढवणे हाच इथला खरा मार्ग आहे. दोन दहा इंची पडद्यांचे क्षेत्रफळ एका बारा इंचीच्या सुमारे १.४ पट भरते. तुझ्या गाडीची रुंदी पाहता मी दोन दहा इंचीच सुचवीन, मात्र प्रत्येकाला त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेले घनफळ मिळत असेल तरच. दोघांना उपाशी ठेवण्यापेक्षा एकाला पोटभर जागा देणे चांगले.

घनफळाचा अंदाज देतो. आतली उंची तीन इंच, रुंदी बारा इंच आणि लांबी एकोणतीस इंच असेल तर १,०४४ घनइंच होतात, म्हणजे ०.६ घनफूट किंवा सतरा लिटर. सबवूफरचे स्वतःचे शरीर यातलीच थोडी जागा खाते, म्हणून लांबी दोन इंच जास्त धर. अनेक दहा इंची शॅलो सबवूफर बंद बॉक्समध्ये एवढ्या जागेत समाधानाने वाजतात. बॉक्स बंदच ठेव. भोक पाडलेल्या बॉक्सला घनफळही जास्त लागते आणि लांब नळीही, आणि ही दोन्ही तीन इंच उंचीत बसवणे म्हणजे नसती उठाठेव आहे. शिवाय गाडीची केबिन बंद बॉक्सला स्वतःहून मदत करते: अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये सुमारे सत्तर हर्ट्झच्या खाली आवाजाचा दाब वाढत जातो आणि बंद बॉक्सचा खालचा उतार बराचसा भरून निघतो. तुला हवा असलेला ढोलाचा टोल छातीत जाणवायला ही भरपाई पुरेशी आहे. मात्र इतक्या रुंद आणि चपट्या बॉक्सच्या फळ्या फुगतात, म्हणून वरच्या आणि खालच्या फळीला जोडणारे लाकडी ठोकळे मधे बसवायला सुताराला आवर्जून सांग.

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांतल्या कमाल वॅटकडे पाहू नकोस, आरएमएसचा, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा, आकडा पाहा. अँपच्या (सबवूफरला शक्ती देणाऱ्या अँप्लिफायरच्या) बाबतीत सीईए-२००६ या मानकाने मोजलेला आकडा विश्वासाचा असतो, कारण तो १४.४ व्होल्टवर आणि एक टक्क्याच्या आत विकृती ठेवून घेतलेला असतो. दोन व्हॉइस कॉइलचे (पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचे) सबवूफर घेताना अँपला किती ओहमचा रोध झेपतो हेही आधी ठरव. चार ओहमच्या दोन-दोन कॉइलचे दोन सबवूफर सगळे समांतर जोडले तर एक ओहम होतो आणि पुष्कळ अँपना तो झेपत नाही. दोन ओहमच्या दोन-दोन कॉइलचे घेतलेस, तर प्रत्येकाच्या कॉइल एकापुढे एक आणि मग दोन्ही सबवूफर समांतर जोडून सुरक्षित दोन ओहम मिळतात.

तुझ्या गाडीच्या काही खास गोष्टी आहेत. २०१५ पासून एफ-१५० चे शरीर ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पटकन चढतो, म्हणून कुठेही स्क्रू मारून अर्थिंग घेऊ नकोस, कारखान्यानेच दिलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर घे. बॅटरीच्या ऋण टोकालाही थेट जोडू नकोस, कारण तिथे प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वगळले तर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. धन तारेचा फ्यूज बॅटरीपासून अठरा इंचांच्या आत हवा. पाचशे वॅटच्या अँपला भर जोरात पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेव्हा शुद्ध तांब्याची चार गेजची तार घे, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. तुझ्या मॉडेलमध्ये आवाज कमी करणारी यंत्रणा असेल, तर छतातले मायक्रोफोन सबवूफरचा आवाज हा इंजिनचा गोंगाट समजून उलटा सूर सोडतात आणि केबिनमध्ये विचित्र घुमणे सुरू होते. बसवणाऱ्याला ती यंत्रणा बंद करायला सांग. कारखान्याचा स्टिरिओ आवाज वाढवला की खर्ज कापतोही, त्यासाठी खर्ज परत भरून देणारा लाइन-आउट कन्व्हर्टर (स्टिरिओचा आवाज अँपला पोचवणारे यंत्र) लागेल.

आता रुळवण्याकडे येतो. स्पायडर म्हणजे पडद्याच्या मुळाशी असलेली, राळेत भिजवून आणि गरम साच्यात दाबून नागमोडी घड्या पाडलेली कापडाची चकती. नवी असताना ती ताठ असते. पहिल्या मोठ्या हालचालींबरोबर राळेचे सूक्ष्म बंध सुटतात आणि ती मोकळी होते, आणि यातला बराचसा बदल पहिल्या काही मिनिटांत किंवा तासांत होऊन जातो. म्हणजे रुळणे खरे आहे, पण त्याचा परिणाम लोक सांगतात तेवढा नसतो. समज, तुझ्या सबवूफरचा अनुनाद नवा असताना ३४ हर्ट्झ आहे आणि रुळल्यावर ३१ झाला. ऐकायला हा बदल मोठा वाटतो. पण बंद बॉक्समध्ये पडद्यामागे हवेची स्प्रिंग असते आणि ती स्पायडरहून ताठ असते. बॉक्सच्या तुलनेत सबवूफरचे व्हास (त्याच्या पडद्याच्या स्प्रिंगइतकी लवचीक असणाऱ्या हवेचे घनफळ) सुरुवातीला दीडपट धरले, तर बॉक्समधला अनुनाद सुमारे ५४ वरून ५२ हर्ट्झवर येतो, बस्स. थील आणि स्मॉल यांच्या स्पीकर-बॉक्सच्या सूत्रांत आकडे घालून तूही हे पडताळून पाहू शकतोस. म्हणून पहिल्या दिवशी आवाज पोकळ किंवा घुमणारा वाटला, तर महिनाभर वाजवून तो सुधारेल या आशेवर बसू नकोस. बॉक्सची गळती, फेज (सबवूफर इतर स्पीकरांबरोबर एकाच दिशेने हलतो का) आणि क्रॉसओव्हर (सबवूफरकडे कोणत्या सुरापर्यंत आवाज जातो ती सीमा) तपास.

रात्रभराच्या सुराला माझा विरोध याच कारणाने आहे. उघड्यावर ठेवलेल्या सबवूफरमागे हवेची स्प्रिंग नसते, त्यामुळे वीस हर्ट्झला थोड्या व्होल्टेजवरही पडदा फार लांब धावतो, आणि शॅलो रचनेत कॉइल आणि पाठीची पट्टी यांच्यात अंतर आधीच कमी असते. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असाच सूर लावून ठेवला होता. सकाळी गॅरेजमध्ये जळक्या व्हार्निशचा वास होता आणि पडदा बोटांनी हलका दाबला की आत खरखर होत होती. कॉइल गोल राहिली नव्हती. एकाच सुरावर कॉइल सतत तापत राहते, संगीतात मात्र तिला क्षणोक्षणी उसंत मिळते.

तू असे कर. सबवूफर बॉक्समध्ये बसवूनच वाजव. अँपचा गेन (आवाज किती वाढवायचा ते बटण) लावताना सबवूफरच्या तारा सोड, पन्नास हर्ट्झचा सूर लावून अँपच्या टोकांवर मल्टिमीटर धर. दोन ओहमवर चारशे वॅट म्हणजे अठ्ठावीस व्होल्ट होतात. पहिले दोन आठवडे चौदावर थांब, कारण अर्ध्या व्होल्टेजला पाव शक्ती मिळते. पंचवीस हर्ट्झखालचे सूर फिल्टरने काप, क्रॉसओव्हर ऐंशीच्या आसपास ठेव, आणि रोजच्या जाण्यायेण्यात पखवाज, बेस गिटार, तुझे आवडते ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण, जे मनाला येईल ते ऐक. मोठ्या आवाजात वाजवल्यानंतर अधूनमधून वास घे आणि पडद्याच्या ठोक्यात टकटक येते का ते ऐक. टकटक म्हणजे कॉइल मागे आदळते आहे, तेव्हा आवाज तत्काळ कमी कर. दोन आठवड्यांनी गेन पूर्ण लावताना फेज दोन्ही बाजूंनी फिरवून चालकाच्या जागेवरून ऐक आणि जिकडे खर्ज भरीव वाटेल तिकडे ठेव.

मिशिगनच्या थंडीबाबत एक सूचना आहे. उणे पंधरा-वीस अंशांना रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत रबरी सराउंड (पडद्याची बाहेरची कड) आणि स्पायडर दोन्ही कडक होतात, मग ते कितीही रुळलेले असोत. हीटरने केबिन ऊबदार होईपर्यंत मोठा खर्ज वाजवू नकोस. इकडे ह्यूस्टनमध्ये आम्हाला याची गरज पडत नाही, तिकडे मात्र हा नियम दर हिवाळ्यात पाळावा लागेल.

ऑर्डर देण्यापूर्वी क्लेच्या गोळ्यांची जाडी, सीटखालची रुंदी आणि पुढेमागे मिळणारी लांबी मला लिहून पाठव. मागच्या भिंतीलगत जॅक आणि हत्यारे ठेवलेली असतात, त्यांची जागाही त्यात कळव. मी बॉक्सचा कच्चा आराखडा काढून लगेच पाठवीन, मग दोन दहा इंची की एक बारा इंची हे आपण ठरवू.

वहिनींना माझा नमस्कार सांग, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
शिरीष