मिराशी तासिका तत्त्वावर असते तर?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजांची ब्राह्मी लिपी आपण कधी जवळून पाहिली आहे का? प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकली चौकोनी पेटी असते, म्हणून तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. ताम्रपट झिजलेला असला की पेटी कुठली आणि खड्डा कुठला, एवढे ठरवण्यात अख्खी दुपार जाते. त्या दुपारचे बिल मला लावता येत नाही. बिल निघते ते वर्गात उभ्या राहिलेल्या तासांचे.

मी तासिका तत्त्वावर प्राचीन भारतीय इतिहास शिकवतो. प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा ‘सेट’ झाली, पीएचडी झाली. तरी दर वर्षी नवी मुलाखत आणि नवे नेमणूकपत्र. उन्हाळ्यात हात रिकामे. गेल्या वर्षीचे मानधन दिवाळी उलटल्यावर हातात पडले, असो.

वासुदेव विष्णु मिराशी आठवतात. १८९३चा जन्म, माणूस मुळात संस्कृतचा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवता शिकवता ते कोरीव लेखांत शिरले. कलचुरी-चेदी संवत या जुन्या कालगणनेतल्या लेखांचा त्यांचा खंड १९५५ साली निघाला, वाकाटकांचा १९६३ साली, शिलाहारांचा १९७७ साली. तेव्हा वय चौऱ्यांशी! विद्वत्ता त्यांची होतीच, त्यात वाद नाही. पण अशी कामे तासावर मोजून होत नाहीत. मध्येच दर जूनला ‘यंदा घेणार ना?’ म्हणून प्राचार्यांच्या दारात उभे राहावे लागले असते, तर यातले किती खंड निघाले असते?

माझ्याकडे एक विद्यार्थिनी शनिवारी तास संपल्यावर ब्राह्मी शिकायला थांबते. ‘क’ म्हणजे अधिकची खूण, हे कळल्यावर ती केवढी हसली होती! परवा म्हणाली, “सर, यात नोकरी आहे का?” मी फळा पुसायला घेतला.

मागणे मोठे नाही. ‘विद्यार्थी कमी’ असा शेरा मारून या विषयाच्या रिक्त जागांची फाईल बाजूला सारू नका. मंजूर जागा भरा. त्या भरेपर्यंत नेमणूक निदान तीन वर्षांची असू द्या आणि शिलालेखाचे ठसे घ्यायला डोंगर चढतो, ते दिवस कामाचे धरा.

माझी पुढची मुलाखत जूनमध्ये आहे. उत्तर त्याआधी आले तर बरे होईल.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक