टाकी वाजवून बघणाऱ्या मावशींस

ती. मावशींस, सा. न.

तुवालूतल्या फोंगाफाले बेटावरच्या, धावपट्टीलगतच्या तुमच्या घरातून मी निघाले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा तुमच्या भाषेतला 'फाकाफेताइ', म्हणजे आभार, हा एकच शब्द मला धड म्हणता येत होता, आणि तेवढ्यावर माझं भागलं नाही. नातीच्या फोनवर मी इंग्रजीत लिहिते अधूनमधून, पण ते आभार माझ्या भाषेतले नव्हेत. शिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

मी शाळेत भूगोल शिकवते. कंकणद्वीप शिकवायचं झालं की फळ्यावर एक वेडंवाकडं कडं काढायचं, मध्ये 'खाजण' लिहायचं, असं वीस वर्षं चाललं होतं. 2019 च्या ऑक्टोबरात फिजीतल्या सुवाहून निघालेलं विमान तुवालूच्या राजधानीत, फुनाफुतीवर उतरू लागलं, तेव्हा ते कडं खरोखरच समुद्रात पडलेलं दिसलं. अख्खा तुवालू देश 26 चौरस किलोमीटरचा, माणसं अकरा हजारांच्या आसपास, आणि सगळ्यात उंच जागा पाच मीटरसुद्धा नाही. हे आकडे मला पाठ होते. दोन्ही बाजूंना पाणी घेऊन रस्त्यावर उभं राहणं मात्र वेगळंच.

परतीचं विमान रद्द झालं आणि पुढचं चार दिवसांनी होतं. त्या वेळी तुमच्या देशात एकही एटीएम नव्हतं, कार्ड कुठे चालत नव्हतं, आणि माझ्याकडचे ऑस्ट्रेलियन डॉलर संपत आले होते. त्या संध्याकाळी मी धावपट्टीच्या कडेला बसले होते. मुलं तिथे व्हॉलीबॉल खेळत होती, काही घरं चटया घेऊन आली होती. 1943 मध्ये अमेरिकी सैन्याने माड तोडून, जमीन खोदून केलेली ती धावपट्टी, आता तुमचं अंगणच झालं आहे. विमान यायच्या आधी भोंगा होतो, तेवढ्यापुरतं अंगण रिकामं होतं. तुम्ही मला काही विचारलंही नाहीत. माझ्या हाताला धरलंत, नातवाला बॅग उचलायला सांगितलीत आणि घरी नेलंत.

पैशांविषयी मी दोनदा बोलले. दोन्ही वेळा तुम्ही पुढ्यात मासा आणि नारळाच्या रसातलं कालवण ठेवलंत.

पण मावशी, मला आभार मानायचेत ते पाण्याचे. तुमच्याकडे नदी नाही, ओढा नाही. छपरावर पडेल आणि पन्हळीतून टाकीत उतरेल तेवढंच घरात वापरायचं पाणी. पहिल्या सकाळी मी भरभरून दोन बादल्या अंगावर घेतल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. नंतर मला टाकीपाशी नेलंत आणि बोटांच्या पेरांनी ती वरून खाली वाजवत गेलात. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग गुडघ्याच्या वर थोडं, बद्द. सात माणसांच्या घराचं पाणी तेवढंच होतं. 2011 च्या दुष्काळात सरकारने आणीबाणी पुकारली, तेव्हा घराला दिवसाला मोजक्याच बादल्या मिळत, हे नातीने सांगितलं. मी होते त्या दिवसांत माझ्या वाट्याची बादली तुम्ही कमी केली नाहीत. मी खारेपाटातली मुलगी. पेण-अलिबागकडे समुद्र आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. लहानपणी हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली आहे मी. तरीही शहरात राहून पाण्याचा आवाज विसरले होते, तो तुम्ही ऐकवलात.

तुमचा पुलाकाचा खड्डा मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. आमच्या अळवाचाच भाऊबंद, पण पान माणसाएवढं. जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खणायचं, पालापाचोळा घालून माती तयार करायची, अशी पिढ्यांची शेती. त्यातला अर्धा भाग पिवळा पडला होता. मी विचारलं, बांध का घालत नाही? आमच्याकडे बांधाला खांड पडली की गाव रात्रीत गोळा होतं, दगड-माती घालून ती बुजवतं. तुम्ही हसलात आणि पायाखालची जमीन दाखवलीत. फेब्रुवारीच्या मोठ्या उधाणाला पाणी काठावरून येत नाही, जमिनीतून वर येतं. 1890 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, खचत्या बेटावर प्रवाळ वाढत जाऊन कंकणद्वीप होतं हे डार्विनचं म्हणणं पडताळायला फुनाफुतीत हजार फुटांहून खोल भोक पाडलं, तरी खाली प्रवाळाचाच खडक लागला. हेही मी शिकवत आले होते. त्या सच्छिद्र खडकाला बांध कुठून घालणार, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने आता दरवर्षी तुमच्यातल्या 280 जणांना तिकडे कायमचं राहता येईल. त्याचं नाव 'फालेपिली', म्हणजे आमच्याकडे ज्याला शेजारधर्म म्हणतात ते. नातीने सोडतीत नाव घातलं आहे, तुम्ही नाही, हे कळलं. त्यावर मी काय बोलणार? तुमचा खड्डा, तुमची टाकी, धावपट्टीवरची तुमची चटई तुम्हाला ठाऊक.

यंदा आईच्या घरी पागोळ्यांखाली पन्हळ लावून टाकी बसवली. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री मी ती पेरांनी वाजवून बघितली. गुडघ्यापर्यंत आली होती.

फाकाफेताइ लासी, मावशी.

तुमची,
दोन बादल्यांनी आंघोळ करणारी पाहुणी