येणं थोडं लांबलंय

हायडेलबर्ग, फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर आई "जेवलीस का" विचारते आणि बाबा लगेच फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहूनच सांगते. मी मार्चमध्ये येत नाहीये. उन्हाळ्याच्या सत्रालाही शिकवायला हो म्हटलंय. एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत वर्ग. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघेल तेव्हा मी इतवारीत गर्दीत उभी असेन, नक्की. कॉलेजनं बिनपगारी रजा वाढवून दिलीय, नोकरी कुठे जात नाही. काकूनं विचारलं तर एवढंच सांग, जास्त नको.

पैशासाठी नाही, आणि लांब राहायची हौस म्हणून तर मुळीच नाही. बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, जर्मन पोरांना नागपूरच्या भोसल्यांचं काय पडलंय? परवा वर्गात 1853 वर आलो. वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं, एवढं सगळीकडे छापलेलं असतं. एका मुलीनं विचारलं, मग राजवाड्यातल्या बायकांचं काय झालं? मग मी राणी बाकाबाईंवर आले. दागिने कलकत्त्याला कसे गेले, हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कसे मातीमोल भावानं विकले, सगळं सांगितलं. स्कूटरवर मला पुढे उभं करून बर्डीवरून नेताना तुम्ही सांगायचात, तस्संच, तुमच्याच आवाजात. तास संपल्यावर पोरं डेस्कवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, इथे टाळ्यांऐवजी तीच पद्धत. त्या दिवशी जरा जास्तच वेळ टकटक चालली. ती खरं तर तुमची होती.

दोघा-तिघांनी पुढच्या सत्रात यावरच लिहायचं ठरवलंय, 1908 चं नागपूर गॅझेटिअर वाचायला घेतलंय. त्यांना अर्ध्यावर टाकायला जीव होईना. आणि खंडोबा-धनगरांच्या मागे आयुष्य घालवणारे सोन्टहायमर इथेच शिकवायचे. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतेय, वशिला लावत नाहीये. बरं, लावतेय.

आई, खोली उबदार आहे, घरात स्वेटरसुद्धा लागत नाही. तूरडाळ मिळते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सगळं भरून ठेवते. वरणावर लसणाची फोडणी घालते, तेव्हा खिडकी उघडावी लागते एवढंच. फल्लीची चटणी पुरवून पुरवून खातेय. विमा इथे सक्तीचाच, त्यामुळे डॉक्टरची चिंता नाही. ताप आला होता तेव्हा तुझा हात कपाळावर हवा होता, पण तो एका रात्रीत उतरला, काळजी करू नकोस.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन "मनी आल्यावर" नाही. उन्हं तापायच्या आधी करायचं. दादा पुण्याहून चार दिवस येतोय, त्याच्याशी बोलणं झालंय, त्यामुळे त्याला नको म्हणू नका. थेंब वेळेवर घाला, आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून आजोबांसारखं करू नका. कुलरचं गवत मार्चमध्येच बदला. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, पायात चपला हव्यात.

आई, कुरडयांसाठी गच्चीवर चढायचं नाही. गुडघा तुझा आहे, मला कुरडया नसल्या तरी चालतील. (चालणार नाहीत, पण शेजारच्या ताई करून देतील, त्यांना पैसे दे. त्या नको म्हणतील, तरी दे.)

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग अंतर साडेतीन तासांचं. तुमच्या रात्री नऊला फोन करेन. त्या वेळी टीव्ही बंद, आणि फोन दोघांच्या मधे ठेवायचा.

तुमची,
मनी

ता. क. आई, ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात. हे पत्र बाबांनीच वाचून दाखवलं असेल तर डबा बदल.